मितिनीने पाळलेलं सुतक

अल क्वोज, दुबई
९ ऑक्टोबर २०२५

ताई,

मायना काय लिहावा यात दोन दिवस गेले. 'प्रिय' लिहिलं तर तू तिथेच फाडशील आणि 'तीर्थरूप' लिहिलं तर हसशील. म्हणून नुसतं ताई.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला आठ वर्षं झाली. ईमेलला उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या कंपनीच्या पी. ओ. बॉक्सला टाकतेय. या देशात पोस्टमन घरोघरी येत नाही, त्यामुळे कोणी दारातून परतही पाठवू शकत नाही. बॉक्स उघडायला जाणारे तुमचे कमरुद्दीन मला अजून ओळखतात. फोनवर म्हणाले, मॅडमच्या हातात देईन, पुढचं मला विचारू नका.

मी ऑगस्टपासून इथे आहे. एका विद्यापीठाची वर्षभराची फेलोशिप आहे. विषय तोच, हिमालयातल्या सीमेवरच्या माणसांचं येणंजाणं. पूर्वी मी त्यांच्या मेंढ्यांच्या मागून चालायचे, आता त्यांच्या कॅम्पवर खुर्चीत बसते. नेपाळात मी जिथे राहिले त्या गावची सोळा माणसं इथल्या गोदामांवर सिक्युरिटीत आहेत. एकजण सुट्टीवर गेला की त्याच्या जागी त्याचा भाऊ किंवा चुलतभाऊ येतो. गावात मेंढ्यांच्या पाळ्या अशाच लावतात. तुम्ही कुठे राहता, असं ते एकमेकांना विचारत नाहीत. हिवाळा कुठे काढता, असं विचारतात. गेली सहा वर्षं ते दुबईत हिवाळा काढताहेत आणि मी ते वहीत लिहून घेतेय. मला दुसरं काही येत नाही, हे तू पूर्वीच म्हणाली होतीस.

आता मुद्द्याचं. गेल्या शुक्रवारी प्रसन्न येऊन गेला. शारजाजवळच्या हमरियातल्या तुमच्या मसाल्याच्या युनिटवरून इथपर्यंत दीड तास गाडी हाणत आला आणि चहाला हात लावला नाही. तुझ्या मुलाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आता कपाळ तुझ्यासारखं आणि घाई भाऊजींसारखी.

त्याला आणि युडोनला लग्न करायचंय, हे तुला माहीत आहेच. तू हो म्हटलंयस, हेही त्याने सांगितलं. अडलंय ते युडोनच्या आईकडे, आणि तिच्याकडे अडलंय ते माझ्यामुळे. ती माझी मितिनी आहे. त्या मुलखात रक्ताचं नातं नसलेल्या दोघी विधी करून एकमेकींच्या बहिणी होतात, त्याला मितेरी म्हणतात. नुसती मैत्रीण नव्हे. तिचे आईबाप माझे आईबाप, माझ्या बहिणीची मुलं तिची मुलं. त्या हिशेबाने तुझा प्रसन्न हा युडोनचा भाऊ लागतो. भावाशी लग्न होत नाही.

मे महिन्यात वरच्या गावी चढण्याआधी तिने मुलीला निक्षून नाही म्हणून सांगितलं. वर फोन लागत नाही. ती नोव्हेंबरात खाली उतरेल तेव्हाच पुन्हा बोलता येईल. युडोनचा व्हिसा जानेवारीत संपतो. आईच्या नकारावर लग्न केलं तर गाव आईला मेंढ्यांच्या पाळीतून काढेल, म्हणजे तिच्या मेंढ्या ना वर जाणार ना खाली येणार. युडोन तसं करणार नाही. ती व्हिसा संपला की प्रसन्नला सोडून परत जाईल.

प्रसन्न म्हणाला, "मावशी, तू लिटरली एकटीच आहेस जी हे सॉल्व्ह करू शकते. मम्मी म्हणते, तिला म्हणावं, सांगून टाक की ते सगळं रिसर्चसाठी होतं."

म्हणजे आठ वर्षांनी तू माझ्याबद्दल एक वाक्य बोललीस. मी त्याला म्हटलं, विचार करते. तो गेल्यावर मी त्याचा गार झालेला चहा पिऊन टाकला आणि कपडे मशीनला लावले. बाकी काही वाटलं नाही.

पर्णिका


अल क्वोज
२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

ताई,

काल प्रसन्नने फराळाचा डबा आणून दिला. तू दिलास की त्याने उचलून आणला ते मी विचारलं नाही. चकलीला तुझ्याच हातचा ओवा होता.

युडोन तुझ्या घरी पहिल्यांदा कशी आली ते मला तिच्याकडून कळलं. अडीच वर्षांपूर्वी ती इथल्या एका कॅफेत कामाला लागली. आईने निघताना बजावलं होतं, तुझ्या मितआमाची बहीण तिथे आहे, पहिल्या सुट्टीला तिच्या घरी जा, ते आपलंच घर आहे. मितआमा म्हणजे मी, आईची मितिनी. पोरगी दोन बस बदलून शारजाला आली, हातात सुकं चीज आणि अक्रोडांची पिशवी. तुला वाटलं घरकामाला कोणी पाठवलं असेल. मग तिने माझं नाव सांगितलं. माझं नाव ऐकूनही तू दार लावून घेतलं नाहीस आणि तिला जेवायला वाढलंस. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मितिनीच्या बाजूनेही बघ. तिने मुलीला भावाच्या घरी पाठवलं होतं, म्हणून ती निर्धास्त होती. परदेशात तरुण मुलीला त्याहून सुरक्षित जागा तिच्या डोक्यात नव्हती. आणि मुलगी त्याच घरात लग्न ठरवून बसली. तिला किती लागलं असेल ते मी समजू शकते. समजणं हे माझं कामच आहे.

मितेरी कशी झाली ते तुला कधी सांगितलं नाही. २०१३ चा सप्टेंबर. वरच्या गावाला मी पुस्तकात खोटं नाव दिलं, तुझ्यापुढेही खरं नाव येत नाही, सवय गेली. मी तिथे पाच महिने होते आणि कोणी मला काही सांगत नव्हतं. मला त्यांच्यासोबत खिंड ओलांडून पलीकडच्या बाजारात जायचं होतं. मेंढ्यांच्या पाठीवर इकडून धान्य आणि तिकडून मीठ, हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. पण परक्या माणसाला कोणी सोबत नेत नाही. पलीकडे उतरायला ज्याच्या त्याच्या मितेरीने बांधलेल्या कुटुंबाचं घर असतं, तिथे फक्त घरचं माणूस नेता येतं. मला कोणाच्या तरी घरचं व्हायचं होतं.

ती विधवा होती, माझ्याच वयाची, युडोन तेव्हा बारा वर्षांची. एकदा मी आजारी पडले तर तिने मला आठ दिवस चुलीजवळ झोपवलं. बरी झाल्यावर म्हणाली, आपले चेहरे मिळतात, मितेरी लावू. चेहरे मिळत नव्हते. मी लगेच हो म्हटलं. म्हाताऱ्यांसमोर आम्ही कापड बदललं, एकमेकींच्या कपाळाला टिळा लावला, एका वाटीतून प्यायलो. ती रडत होती. मी वाटी किती वेळा फिरली ते मोजत होते, कारण रात्री ते लिहायचं होतं. ग्रँट देणाऱ्यांना पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं, गावात आता चांगला प्रवेश मिळाला आहे.

तेव्हा तुझं म्हणणं बरोबर आहे. ते रिसर्चसाठी होतं. पण एवढं सांगून काम होणार नाही, हे मी प्रसन्नला सांगितलं. मनात काय होतं याला त्या गावात किंमत नाही. तिथे फक्त काय केलं ते बघतात.

पर्णिका


अल क्वोज
२ नोव्हेंबर

ताई,

प्रसन्न दर दोन दिवसांनी मेसेज करतो, एनी अपडेट? मी तुमच्या युनिटमधली मसाल्याची ऑर्डर असल्यासारखा.

मी जुन्या वह्या काढल्या आहेत. चौदा वह्या आहेत, सगळ्या इथे घेऊन आले होते. वकिलासारखी पळवाट शोधत बसलेय. मितेरी सुटते का, कधी, कशाने. तेव्हा हे प्रश्न मी गावभर विचारले होते. बहुतेकांनी सांगितलं, सुटत नाही. मरेपर्यंत नाही आणि मेल्यावरही सात पिढ्या नाही.

पुस्तकाविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तू ते २०१७ मध्ये भाऊजींच्या टेबलावर वाचलंस आणि पान एकशे अठरावर थांबलीस. त्या पानावर 'उदाहरण सात' आहे. संशोधिकेच्या स्वतःच्या वडिलांच्या निधनाची बातमी पाचव्या दिवशी गावात पोचली. संशोधिका आणि तिची मितिनी या दोघींनी बातमी कळल्यापासून तेरा दिवस सुतक पाळलं, मीठ वर्ज्य केलं. मितेरीचं नातं रक्ताइतकं बांधून ठेवतं याचा हा पुरावा.

तुला मी सांगितलं होतं की बातमी विसाव्या दिवशी कळली. तुम्हाला सांगितलेलं खोटं होतं आणि पुस्तकात छापलेलं खरं. खाली चार दिवस चालत, मग विमान, मग मिरज. निघाले असते तर तेराव्याला पोचले असते. पण मेंढ्या सीमेकडे निघायच्या होत्या आणि पुढच्या वर्षी माझी ग्रँट संपत होती. तू एकटीने सगळं केलंस. भटजींनी विचारलं, धाकटी कुठे, तर तू म्हणालीस, तिला अजून कळलेलं नाही. तीन वर्षांनी तुला कळलं की तू भटजींशी माझ्या वतीने खोटं बोलली होतीस.

तुझं शेवटचं वाक्य मला पाठ आहे. "माझ्या बाबांना तू उदाहरण केलंस." त्यानंतर फोन बंद.

तू बरोबर होतीस. हे मी तेव्हाही म्हणू शकले असते.

पर्णिका


अल क्वोज
९ नोव्हेंबर

ताई,

पळवाट सापडली. अकराव्या वहीत आहे, माझ्याच अक्षरात.

एका म्हाताऱ्याने सांगितलेली हकीकत. त्याच्या आजोबांची पलीकडच्या एका व्यापाऱ्याशी मितेरी होती. आजोबांची आई वारली तेव्हा त्या व्यापाऱ्याने सुतकात मीठ खाल्लं. कळल्यावर पाच जणांनी बसून ठरवलं की ती मितेरी लागलीच नव्हती. पुढे दोन्ही घरांत सोयरीकही झाली. मिठाच्या धंद्यावर जगणारी माणसं आहेत ती. मीठ सोडणं ही त्यांच्यात सगळ्यात मोठी गोष्ट. नातं आहे की नाही याची एकच परीक्षा, तेरा दिवसांत मीठ खाल्लं का.

वाचून मी वही मिटली. गच्चीवर गेले. समोरच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर रंगवत होते, ते मी बराच वेळ बघत बसले.

ताई, मी मीठ खाल्लं होतं.

तिसऱ्या दिवशी. पुस्तकात दोघींनी पाळलं असं लिहिलंय, ते खोटं आहे. मितिनीने पाळलं. ती तेरा दिवस उकडलेले बटाटे आणि सातूचं पीठ पाण्यात कालवून खात होती. बाबांना तिने कधी पाहिलं नव्हतं. मिरज कुठल्या दिशेला आहे हे तिने मला विचारून घेतलं आणि रोज सकाळी तिकडे तोंड करून दिवा लावला. मी शेजारच्या धान्याच्या खोलीत बसून कोरडे नूडल्स खाल्ले, वरचा मसाला बोटाने चाटून. एकदा नाही, चार वेळा. रिकामी पाकिटं पोत्यांच्या मागे कोंबली. आणि बाहेर येऊन तिला विचारलं की दिव्याची वात कशाची करतात.

मला दुःख झालं नव्हतं. भूक लागली होती. बाबा गेलेत हे वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, काही होईना. नंतर कधीतरी होईल असं वाटलं होतं. अकरा वर्षं झाली, अजून झालेलं नाही.

हे मी तुला आधी लिहितेय, कारण मला ते फोनवर तिच्या गावच्या माणसांसमोर बोलावं लागणार आहे. तुझ्या मुलाचं लग्न व्हायचं असेल तर दुसरा रस्ता नाही. पण तिथे बोलले की ते खरं ठरतं आणि मग तुझ्याकडेही खरंच ठरतं. एकशे अठराव्या पानावर निदान मी बाबांसाठी तेरा दिवस अळणी खाल्लं, एवढं तरी तुझ्याजवळ होतं. युडोन म्हणते, तू एकदा तिला विचारलं होतंस की तेरा दिवस बिनमिठाचं खाऊन बाई चालतात कशा त्या उंचीवर. म्हणजे ते तू धरून ठेवलं होतंस.

तेही आता राहिलं नाही. नको सांगू म्हणत असशील तर कमरुद्दीनजवळ निरोप ठेव. पुढच्या शनिवारपर्यंत वाट बघते.

पर्णिका


अल क्वोज
२३ नोव्हेंबर

ताई,

तुझा निरोप आला नाही. कमरुद्दीन म्हणाले, मॅडमनी पत्र वाचलं, घडी केली, पर्समध्ये ठेवलं. मी ते हो असं धरलं.

काल दुपारी युडोनच्या खोलीवर गेले. तिने कॅफेतून रजा घेतली होती. प्रसन्न खाली गाडीत बसून राहिला, वर यायला तयार नव्हता. इथून व्हॉट्सअॅपवर बोलता येत नाही म्हणून त्या सगळ्यांनी दुसरं कुठलंतरी अॅप घेतलंय, त्यावरून लावलं. मितिनी आठ दिवसांपूर्वी खाली उतरलीय. पडद्यावर आधी छप्पर दिसलं, मग तिचं कपाळ. केस पांढरे झालेत. तिने विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं.

मी तिला सांगितलं की पाच जणांना बोलाव, मला काही सांगायचंय. ती उठून गेली. कशासाठी हे तिने विचारलं नाही. पाऊण तासाने पुन्हा फोन लागला. चार पुरुष आणि एक म्हातारी, सगळे एका कांबळ्यावर. दोघांना मी ओळखत होते. फोन डब्याला टेकवून उभा केला होता.

मी नेपाळीत बोलले, लिहून नेलं होतं. २०७१ साली, म्हणजे आपल्या २०१४ मध्ये, माझे वडील वारले. मितिनीने त्यांचं सुतक पाळलं. मी पाळलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मी मीठ खाल्लं. गावाला खोटं सांगितलं, पुस्तकात खोटं लिहिलं. ही मितेरी लागली की नाही ते तुम्ही ठरवा.

त्यातल्या वयस्काने विचारलं, कोणी पाहिलं होतं का? माणूस पोरांच्या लग्नासाठी काहीही बोलेल. हे मला सुचलंच नव्हतं. मी एकटी होते, साक्षीदार कुठून आणू? मी वाचायचा कागद उलटा केला, तिकडे काही नव्हतं.

तेव्हा मितिनी बोलली. ती त्यांच्या मागे उभी होती, मला तिचे पायच दिसत होते.

"मी पाहिलं," ती म्हणाली. "पोत्यांमागे पाकिटं होती. मी ती चुलीत जाळली, कोणाला दिसू नयेत म्हणून."

ताई, तिला तेव्हाच माहीत होतं. तिसऱ्या दिवशीच. त्यानंतरचे दहा दिवस तिने तरीही मीठ सोडलं, आणि चौदाव्या दिवशी मला आपल्या घरची म्हणून खिंडीपलीकडे नेलं. अकरा वर्षं तिने ते गिळून ठेवलं. मे महिन्यात मुलीला नाही म्हणाली, तेव्हाही हे सांगितलं नाही. एका शब्दात सगळं सुटलं असतं, पण तो शब्द तिने काढला नाही.

पाच जण आपसात बोलले, फार वेळ नाही. म्हातारी मितिनीला रागावत होती, लपवलंस का म्हणून. तिला दंड बसला. पुढच्या वर्षी मेंढ्यांच्या पाळीत तिचा नंबर शेवटचा. मग वयस्काने मला सांगितलं की मितेरी लागली नव्हती, पोरगी मोकळी आहे. युडोन माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती, तिने तोंडावर ओढणी घेतली. 

माणसं उठून गेल्यावर मितिनीने फोन हातात घेतला. मला वाटलं शिव्या देईल. मी म्हटलं, लग्नाला ये, तिकीट प्रसन्न काढेल.

ती म्हणाली, "मी कोणाच्या घरी उतरू?"

ती लोकं हॉटेलात उतरत नाहीत गं. पलीकडे आपलं घर असेल तरच वाटेला लागतात. इतकी वर्षं तिचं इथे एक घर होतं, आपलं, तुझं आणि माझं.

मग ती म्हणाली, "बरं, पर्णिका. ठेवते."

तुला यात काही वाटणार नाही. मितिनीचं नाव घ्यायचं नसतं. लागल्या दिवसापासून कधीच नाही, रागातही नाही. मला तिचं नाव माहीत आहे आणि मी ते वहीतसुद्धा लिहिलेलं नाही. बारा वर्षांत तिने मला नावाने हाक मारली नव्हती. काल मारली.

प्रसन्न खालून धावत वर आला. युडोनला धरून नाचला, मला मिठी मारली, म्हणाला, मावशी यू आर अ स्टार. मी त्यांच्यासाठी चहा केला. साखर घालायची राहिली, त्यांनी तसाच प्यायला.

पर्णिका


अल क्वोज
१४ डिसेंबर

ताई,

तुझी चिठ्ठी कमरुद्दीननी स्वतः आणून दिली, काल, कामावरून सुटल्यावर. म्हणाले, मॅडम म्हणाल्या बॉक्सवर विश्वास नाही. मसाल्याच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या दोन ओळी आहेत. मी त्या टेबलावर ठेवल्यात.

"लग्न सोळा जानेवारीला. मुलीकडून कोणीच नाही, तू मुलीची आई म्हणून बस."

बाबांबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. मी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. नंतर लक्षात आलं की 'तू' लिहिलंयस. आठ वर्षांत पहिल्यांदा. बरं वाटलं, ते लिहून टाकते.

पण मला मुलीकडून बसता येणार नाही. तू भोळेपणाने लिहिलंयस, तुझा दोष नाही. युडोनची आई म्हणून मी बसायचं तर मितेरी खरी पाहिजे, आणि मितेरी खरी असली तर लग्नच लागत नाही. पाच जणांसमोर मी सांगून बसलेय की मी तिची कोणी नाही. हॉलमध्ये तिच्या गावची सोळा माणसं येतील, त्यांना सगळं कळलंय. कॅम्पवर गेले तर आता मला खुर्ची देतात आणि बोलणं थांबवतात. पूर्वी सतरंजीवर सरकून जागा करायचे. माझं काम जवळजवळ संपल्यात जमा आहे. प्रकाशकाला एकशे अठराव्या पानाबद्दल कळवलं, त्यांचं अजून उत्तर नाही.

मुलीकडून बसायला तिची आई आहे. तिला बोलावायला पाहिजे. मी बोलावून ती येणार नाही, कारण माझ्याकडे तिला उतरायला घर नाही. तुझ्याकडे आहे. लग्न ठरलं त्या दिवसापासून तू तिची विहीण झालीस, आणि विहिणीचं घर त्यांच्यात चालतं, मी वह्या पुन्हा तपासल्या. तू स्वतः फोन कर. युडोन लावून देईल. तिला हिंदी येतं, सावकाश बोल. ती आधी विचारेल जेवलीस का, त्यावर तिला पण विचार. भाऊजींना सांग, तिच्या पासपोर्टचं काम आत्ताच सुरू करायला लागेल, खालच्या गावातूनही जिल्ह्याच्या ठिकाणी यायला तिला दोन दिवस चालावं लागतं. आली की तिला आतली खोली दे, गच्चीकडची नको, तिला एसी सोसणार नाही. आणि बाबांचा फोटो हॉलमध्ये आहे ना अजून? तो तिला दाखव. तिने त्यांना पाहिलेलं नाही.

प्रसन्नची मावशी म्हणून ये, असं तू म्हणशील, आणि मावशी म्हणून मला यायचंय. खरंच यायचंय, ताई. साडी कुठली नेसायची इथपर्यंत विचार झाला होता. पण ती आली तर मी येणार नाही. तिला माझ्यावर राग नाही, मला माहीत आहे. ती चारचौघांसारखी बोलेल. सगळ्यांदेखत मला पर्णिका म्हणून हाक मारेल आणि मला ओ द्यावी लागेल. बाबा गेल्याचं मला रडू आलं नाही, पण या एका हाकेच्या विचाराने गेले तीन आठवडे मला जेवण जात नाही.

तिला बोलाव. मी आले नाही तरी चालेल, ती आली पाहिजे.

तुझी,
पर्णिका